इंग्रजीतलं घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

शब्दखोर

सुतारकामाच्या एका इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर करतोय. तीन प्रकरणं सुरळीत गेली, चौथ्यात घोडा आडवा आला. वाक्य अगदी साधं आहे: फळी 'सॉहॉर्स'वर ठेवा आणि खुणेवर कापा. सॉहॉर्स म्हणजे दोन्ही टोकांना फाकवलेले पाय आणि वर एक आडवा दांडा, ज्यावर लाकूड टेकवून करवत चालवतात ते. मी खर्ड्यात 'करवतीचा घोडा' लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी वाचलं तर घोड्याला करवत लावतायत की करवतीला खोगीर घालतायत, काही कळेना.

माझं या प्राण्याशी जुनं वैर आहे. उमेदवारीच्या काळात एका कथेत एका बाईला 'क्लोद्स हॉर्स' म्हटलं होतं. मी शब्दकोश उघडला, पहिला अर्थ पाहिला आणि 'ती म्हणजे कपडे वाळत घालायचा घोडा होती' असं लिहून दिलं. ते तसंच छापूनही आलं. तिला उठता-बसता नवनवे कपडे मिरवायचा सोस होता, एवढंच म्हणायचं होतं लेखकाला.

तर यावेळी शहाणा होऊन आधी वहीत 'हॉर्स' असलेले शब्द उतरवायला बसलो. दोन पानं भरली. आणि एक गंमत दिसली: यातल्या बऱ्याच शब्दांत घोडा औषधालाही नाही! हॉर्सरॅडिश हा मुळा घोड्याला चालत नाही, उलट बाधतो. हॉर्स चेस्टनटची फळंही त्याला विषारीच. हॉर्स मॅकरेल हा मासा. हॉर्स मिंट... अशा बहुतेक शब्दांत 'हॉर्स' म्हणजे फक्त थोराड, जाडाभरडा, नाजूक भावंडापेक्षा दांडगा. म्हणजे आपल्या 'घोडचूक' आणि 'घोडनवरी'सारखंच! घोडचुकीत घोडा चुकलेला नसतो आणि घोडनवरी घोड्यावर बसून आलेली नसते. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच जनावराला 'मोठं' या अर्थाच्या उपसर्गाची नोकरी दिली.

दोन प्रश्न. एक, सॉहॉर्सला मराठीत काय म्हणू? दोन, तुमच्या माहितीतले असे शब्द टाका, म्हणजे खरा घोडा कुठे आणि नुसता टापांचा आवाज कुठे, ते एकदा लावून टाकू.

---

गोगलगाय

वाचनखूण साठवली आहे. 'कपडे वाळत घालायचा घोडा' वाचून ऑफिसात फुटले.

माझी भर: नाइटमेअर. नाइट म्हणजे रात्र, मेअर म्हणजे घोडी. रात्री छातीवरून घोडी दौडत गेल्यासारखं वाटतं ते दुःस्वप्न. शाळेत बाईंनी असंच सांगितलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं.

---

निवृत्त मास्तर

गोगलगाय, तुमच्या बाईंची क्षमा मागून सांगतो, त्या मेअरचा घोडीशी काडीचा संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'मेरे' नावाचं एक भूत होतं. झोपलेल्या माणसाच्या छातीवर येऊन बसायचं आणि त्याचा श्वास कोंडायचं. रात्रीचं मेरे ते नाइटमेअर. घोडीचा 'मेअर' वेगळ्या मुळापासून आला. पुढे दोघांचे उच्चार घासत घासत एक झाले.

पण घोटाळा करणाऱ्या तुमच्या बाई काही पहिल्या नव्हेत. हेन्री फ्यूसेली या चित्रकाराने १७८१ मध्ये याच नावाचं चित्र काढलं. पलंगावर बाई आडवी पडलेली, मान खाली लोंबलेली, छातीवर एक ठेंगणं, कुरूप भूत बसलेलं. इथपर्यंत व्युत्पत्ती बरोबर आहे. आणि मागच्या पडद्यातून एका घोड्याचं मुंडकं आत डोकावतंय, डोळे पांढरे, बटाट्यासारखे बाहेर आलेले. एकाच चित्रात खरा अर्थ छातीवर आणि खोटा अर्थ पडद्याआड!

---

गोगलगाय

अरेरे. पण चित्र शोधून पाहिलं. रात्री बघायला नको होतं.

---

तिरकस

छान. म्हणजे शब्दखोरांच्या वहीतून पहिली घोडी बाद. आता माझे दोन आणे.

'डार्क हॉर्स'चं भाषांतर 'काळा घोडा' करणाऱ्यांना तरी कुणीतरी आवरा. त्यात डार्कचा रंगाशी संबंध नाही. अंधारातला, ज्याची कुणाला माहिती नाही असा. शर्यतीत ज्याच्यावर कुणी पैसे लावले नव्हते तो भसकन पुढे निघून जातो, तो. हा वाक्प्रचार डिझरायलीच्या १८३१ च्या एका कादंबरीत शर्यतीच्याच वर्णनात सापडतो. तोच डिझरायली, जो नंतर ब्रिटनचा पंतप्रधान झाला. आणि राजकारणात हा घोडा धावला तो अमेरिकेत. १८४४ साली बाल्टिमोरला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं, बड्या नावांची कोंडी फुटेना, आणि मतदानाच्या नवव्या फेरीत जेम्स पोक नावाचा गृहस्थ उमेदवार ठरला. सुरुवातीच्या फेऱ्यांत त्याचं नावही नव्हतं. पुढे तो निवडूनही आला.

पण माझा लाडका घोडा वेगळा आहे: 'स्टॉकिंग हॉर्स'. पाणपक्षी माणसाला पाहून उडतात, चरणाऱ्या घोड्याला पाहून उडत नाहीत. म्हणून शिकारी घोड्याच्या आडून, त्याच्या पावलाबरोबर पाऊल टाकत जवळ जायचे. पुढे खऱ्या घोड्याऐवजी कापडावर रंगवलेला घोडाही पुढे धरू लागले. यावरून राजकारणात स्टॉकिंग हॉर्स म्हणजे खरा इच्छुक मागे लपून ज्याला आधी पुढे करतो तो. १९८९ मध्ये ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्याविरुद्ध पक्षनेतेपदासाठी सर अँथनी मेयर उभे राहिले. पडणार हे त्यांनाही ठाऊक होतं. मतं ३१४ विरुद्ध ३३. लोकांनी त्यांना घोडाही म्हटलं नाही, 'स्टॉकिंग डाँकी' म्हटलं. पण पुढच्याच वर्षी बाई पायउतार झाल्या. गाढवाने काम केलं म्हणायचं.

अवांतर: 'डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ', म्हणजे भेटीच्या घोड्याचं तोंड उघडून बघू नये, ही म्हण पोटात ग्रीक सैनिक लपवलेल्या ट्रॉयच्या लाकडी घोड्यावरूनच आली ना? भेट मिळालेला घोडा, नीट न बघता आत घेतला.

---

पानगळ

तिरकस, नाही हो! ट्रॉयवरून आली असती तर म्हण उलटी हवी होती: भेटीचा घोडा असेल तर तोंडच काय, पोटही उघडून बघा!

म्हणीतला घोडा हाडामांसाचा आहे. घोड्याचं वय त्याच्या दातांवरून कळतं. वय वाढतं तशा हिरड्या मागे सरकून दात लांब दिसू लागतात, कडांची झीज बदलते. (म्हातारं होण्याला 'लाँग इन द टूथ' म्हणतात ते यामुळेच.) विकत घेताना जबडा उघडून पाहणं हा शहाणपणा, पण फुकट दिलेल्या घोड्याचा जबडा उघडणं हा देणाऱ्याचा अपमान. चौथ्या-पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित संत जेरोमने लॅटिनमध्ये ही म्हण वापरली आहे, तीही आधीपासून लोकांच्या तोंडी असलेली म्हण म्हणून.

आणि आपल्याकडे हेच दात गाईला आहेत. 'धर्माचे गायी आणि दात कां गे नाही'. दानाची गाय पदरात पडली आणि वर तिला विचारतोय की बाई गं, तुला दात का नाहीत!

मग मी आणखी जोड्या लावून पाहिल्या. घोडा पळाल्यावर तबेल्याचं दार लावणं, ही इंग्रजी म्हण. आपली: बैल गेला अन् झोपा केला. (यातला झोपा म्हणजे झोप नव्हे. गोठ्याचं दार किंवा कूड. मी स्वतः बारावीपर्यंत समजत होते की बैल गेल्याच्या दुःखात मालक झोपी गेला.) ज्या ज्या ठिकाणी इंग्रजाच्या दारात घोडा बांधलाय तिथे आपल्या दारात गाय किंवा बैल.

फक्त 'घोड्याला पाण्यापर्यंत नेता येतं, पाणी पाजता येत नाही' याला आपला बैल सापडला नाही. ही म्हण मात्र जबरदस्त जुनी. ११७५ च्या आसपासच्या एका प्रवचनाच्या हस्तलिखितात सापडते. इंग्रजीतल्या अजून चालू असलेल्या सगळ्यात जुन्या म्हणींपैकी एक.

---

आडवाट

पानगळ, तुमचं 'दारात घोडा बांधलाय' हे आवडलं. पण आपल्याकडेही घोडा कमी नाही. घोडामैदान जवळ असतं, घोडं पेंड खातं, घोडं गंगेत न्हातं, लोक आपलं घोडं पुढे दामटतात, वरातीमागून घोडं येतं. फरक असा वाटतो की आपल्या वाक्प्रचारांतला घोडा स्वारीवर, लवाजम्यात किंवा अडून बसलेला असतो. इंग्रजीतला नांगराला, गाडीला, चक्कीलाही जुंपलेला असतो. जे काम आपल्याकडे बैलाने केलं ते तिकडे घोड्याने केलं, म्हणून आपल्या कष्टाच्या म्हणी बैलाच्या आणि त्यांच्या घोड्याच्या.

---

रात्रपाळी

चक्कीचा विषय निघाला म्हणून लिहितो, नाहीतर मी नुसता वाचक.

अश्वशक्ती. या शब्दात खरा घोडा आहे की नाही? आहे, आणि तो गोल गोल फिरतोय. जेम्स वॅटला वाफेची इंजिनं खपवायची होती आणि गिऱ्हाईक विचारायचं एकच: माझे किती घोडे वाचतील? म्हणून त्याने चक्कीला जुंपलेल्या घोड्याचा हिशोब मांडला. घोडा १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो. तासाला १४४ फेरे, म्हणजे मिनिटाला २.४. एक फेरा साधारण ७५.४ फुटांचा, तेव्हा मिनिटाला १८१ फूट चाल. ओढ धरली १८० पौंड. गुणाकार केला की ३२,५७२ येतात. वॅटने सरळ ३३,००० फूट-पौंड दर मिनिटाला असा गोल आकडा धरला. आजच्या मापात हे सुमारे ७४६ वॅट होतात.

म्हणजे बघा, ज्याने घोड्याचं माप दिलं त्याच्याच नावाचं माप पुढे आलं आणि त्या मापाने आता घोडा मोजतात.

आकडा उदार होता. बहुतेक घोड्यांना दिवसभर एवढं काम झेपत नाही. पण क्षणभराच्या जोराचं विचाराल तर उलटं आहे: १९९३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक टिपण आलं होतं, त्यात घोड्याची कमाल ताकद १४.९ अश्वशक्ती काढली होती. तेव्हा एका घोड्यात किती घोडे, हे तो किती वेळ ओढणार यावर आहे.

---

तिरकस

'एका घोड्यात पंधरा घोडे'. हे आता मी सगळीकडे वापरणार.

---

शिडाचीहोडी

समुद्रावरचे घोडे राहिले. वाऱ्याने लाटेचा माथा फुटून पांढरा फेस दिसतो त्याला 'व्हाइट हॉर्सेस' म्हणतात. यात कविता वाटते ना? पण हे घोडे मोजून वारा ठरवतात! वाऱ्याच्या जोराची बोफर्ट मापनश्रेणी आहे, तिच्या समुद्राच्या वर्णनांत हाच शब्द आहे. तिसऱ्या पायरीला तुरळक पांढरे घोडे. चौथ्या पायरीला बऱ्यापैकी वारंवार. पाचव्या पायरीला, म्हणजे वारा १७ ते २१ नॉट (तासाला इतके सागरी मैल) असताना, सगळीकडे घोडेच घोडे. डेकवर उभं राहून नुसतं पाणी बघायचं आणि नोंद करायची. यंत्र नसलं तरी चालतं.

दुसरा घोडा मेलेला. जुन्या शिडाच्या जहाजांवर खलाशाला निघतानाच महिन्याचा पगार उचल म्हणून मिळायचा आणि बहुधा बंदर सोडायच्या आतच उडायचा. मग पहिला महिनाभर तो राबतोय, पण हातात काही पडत नाही. या फुकटच्या राबण्याला 'डेड हॉर्स' म्हणत. उचल फिटली की खलाशी गवत-चिंध्या भरलेला घोडा करायचे, डेकवरून मिरवायचे, दोरीने वर चढवायचे आणि समुद्रात सोडून द्यायचे. तीस अंश अक्षांशाजवळच्या वारा पडलेल्या पट्ट्याला 'हॉर्स लॅटिट्यूड्स' म्हणतात, त्याचा काहीजण याच्याशी संबंध जोडतात: साधारण तिथे पोचेपर्यंत उचल फिटलेली असायची. दुसरी गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे, की वारा नसल्यामुळे जहाजं अडकायची, पिण्याचं पाणी संपत यायचं आणि लोक खरे घोडे पाण्यात ढकलायचे. ऐकायला थरारक म्हणूनच मला ती संशयास्पद वाटते.

---

गोगलगाय

आधी घोडी गेली, आता समुद्रात बुडवलेले घोडेही संशयास्पद. या धाग्यावर काही शिल्लक राहणार आहे का?

---

आडवाट

नावांत भरपूर शिल्लक आहे! शब्दखोरांनी वाक्प्रचार मागितले, पण मला माणसांची नावं जास्त आवडतात.

फिलिप. ग्रीक फिल म्हणजे आवड, हिप्पोस म्हणजे घोडा. फिलिप म्हणजे अश्वप्रेमी. सिकंदराच्या बापाचं नाव हेच. (आणि सिकंदराच्या घोड्याचं नाव ब्यूसेफलस, ज्याचा अर्थ बैलाच्या डोक्याचा. बापाच्या नावात घोडा आणि घोड्याच्या नावात बैल.) पुढे स्पेनच्या राजपुत्र फिलिपच्या नावावरून १५४३ मध्ये पूर्वेकडच्या बेटांना नाव दिलं गेलं. म्हणजे फिलिपाइन्स या देशाच्या पोटात घोडा आहे.

हिप्पोक्रेटीस, वैद्यकशास्त्राचा पितामह. हिप्पोस अधिक क्राटोस. घोडा अधिक बळ. रात्रपाळी, तुमची अश्वशक्ती वॅटच्या दोन हजार वर्षं आधीच एका डॉक्टरच्या नावात होती!

आता हुद्दे. मार्शल म्हणजे जुन्या जर्मानिक बोलीत घोड्यांचा नोकर. यातला पहिला अर्धा शब्द हा गोगलगाय यांच्या खऱ्या घोडीचा, मेअरचाच नातेवाईक. कॉन्स्टेबल म्हणजे लॅटिन 'कोमेस स्टाबुली', तबेल्याचा अधिकारी. दोघे एकाच तबेल्यातून निघाले. मार्शल चढत चढत फील्ड मार्शल झाला. कॉन्स्टेबलचं नशीब देशागणिक बदललं: फ्रान्समध्ये तो राजाच्या सैन्याचा सर्वोच्च सेनापती होता, १६२७ साली ते पदच मोडीत काढलं गेलं. इंग्लंडमध्ये घसरत घसरत नाक्यावरचा शिपाई झाला. हेंचमन, म्हणजे गुंडाचा हस्तक, हाही मुळात बहुधा मोतद्दारच. 'हेंगेस्ट' म्हणजे घोडा, त्याला सांभाळणारा माणूस.

आणि कळस म्हणजे इंग्रजांच्या आरंभकथेतले दोन भाऊ. पाचव्या शतकात जर्मानिक टोळ्यांना घेऊन ब्रिटनच्या किनाऱ्यावर जे उतरले म्हणतात त्यांची नावं हेंगिस्ट आणि होर्सा. एक घोडा आणि दुसराही घोडाच.

---

निवृत्त मास्तर

आडवाट यांच्या प्रतिसादात एक मोठी गोष्ट दडली आहे, ती जरा उलगडतो. ग्रीक हिप्पोस, लॅटिन इक्वुस आणि संस्कृत अश्व हे तिन्ही एकाच मूळ शब्दाची लेकरं. जुन्या इंग्रजीतही याच घराण्यातला 'एओह' हा शब्द होता. तो मेला. त्याच्या जागी हॉर्स बसला, ज्याचा या घराण्याशी संबंध नाही.

आता आपल्याकडे पाहा. अश्व घरात होता, पण रोजच्या बोलण्यात कोण आलं? घोडा. हा 'घोटक'वरून आला, अश्वावरून नव्हे. फ्रेंचांनी इक्वुस टाकला आणि काबालुस या हलक्याफुलक्या बोलीतल्या शब्दावरून 'शव्हाल' घेतला. तीन भाषा, तिघींनीही घराण्यातला जुना घोडा विकला आणि बाजारातून नवा आणला! जुना राहिला तो फक्त पोशाखी शब्दांत: अश्वशक्ती, अश्वारूढ, तिकडे इक्वेस्ट्रियन. शर्यत लागते ती घोड्यांची, पुतळा होतो तो अश्वारूढ.

जाता जाता: हॉर्समधली अक्षरंही जागा बदललेली आहेत. मूळ उच्चार 'ह्रोस'च्या जवळचा. जर्मनमध्ये रॉस राहिला. इंग्रजीने र आणि स्वर उलटेपालटे केले, जसं आपल्याकडे कुणी मतलबचं मतबल करतो. वॉलरस या प्राण्याच्या नावात शेवटी जो 'रस' ऐकू येतो तोही डच भाषेतून आलेला हाच घोडा. देवमाशाच्या जातीचा घोडा.

---

स्टेथोस्कोप

हिप्पोक्रेटीसचं माहीत नव्हतं! शपथ घेतली त्याच्या नावाने, अर्थ आज कळला.

वैद्यकीतला माझा घोडा. आम्हाला शिकवताना सांगतात: टापा ऐकू आल्या तर घोडा समजा, झेब्रा नव्हे. १९४०च्या दशकात मेरिलँड विद्यापीठातले डॉ. थिओडोर वुडवर्ड विद्यार्थ्यांना असं सांगायचे, असं मानतात. अर्थ असा की डोकं दुखतंय म्हणून आलेल्याच्या मेंदूत आधी दुर्मीळ गाठ शोधू नका, चष्म्याचा नंबर बघा. तेव्हापासून दुर्मीळ निदानाला झेब्रा हाच शब्द पडला. मी पहिल्या वर्षी हिरिरीने झेब्रे शोधायचे. वरिष्ठांनी एकदा फायलीवर पेन्सिलीने नुसतं घोड्याचं नाल काढून दिलं होतं, शब्द एकही नाही.

आणि मेंदूतच एक घोडा आहे: हिप्पोकॅम्पस, स्मृती साठवण्यात ज्याचा मोठा वाटा. आकार समुद्रघोड्यासारखा दिसला म्हणून इटालियन शरीरशास्त्रज्ञ आरांत्सी यांनी १५८७ मध्ये हे नाव दिलं. समुद्रघोड्याशेजारी ठेवून पाहिलं तर साम्य बघून अंगावर काटा येतो. हिप्पोपोटॅमस म्हणजे नदीतला घोडा. आपला पाणघोडा हा शब्दही तसाच.

---

पानगळ

हॉब्सन्स चॉइस अजून कुणीच कसा टाकला नाही? शब्दात घोडा नाही, पण गोष्ट सगळी घोड्याचीच. शब्दखोरांच्या वहीत बरोबर उलट्या रकान्यात जाईल.

टॉमस हॉब्सन (१५४४–१६३१) हा केंब्रिजचा. लंडन-केंब्रिज टपाल आणि सामान न्यायचा आणि रिकामे घोडे भाड्याने द्यायचा. गिऱ्हाईक म्हणजे विद्यार्थी. त्यांना रोज तोच जोमदार घोडा हवा, आणि तो पिटाळून पिटाळून दमवायचे. हॉब्सनने नियम केला: दाराजवळच्या ठाणातला घोडा घ्यायचा, नाहीतर चालायला लागायचं. परत आलेला घोडा रांगेच्या शेवटी. म्हणजे प्रत्येकाला पाळीपाळीने विश्रांती. इंग्रजीत आज हॉब्सन्स चॉइस म्हणजे निवड असल्याचा नुसता देखावा, पण मला तो माणूस आवडतो. हट्टी नव्हता, घोड्यांच्या बाजूने होता.

---

शब्दखोर

पानगळ, याला जोडून एक सांगतो, काल रात्रीच सापडलं. हॉब हे रॉबर्टचं लाडाचं नाव. हॉब्सन म्हणजे हॉबचा मुलगा. आणि लहान चणीच्या घोड्यालाही रॉबिनवरून 'हॉबी' म्हणायचे, जसं आपण एखाद्या बैलाला ठरावीक लाडाच्या नावाने हाक मारतो. त्या हॉबीवरून काठीचा खेळण्यातला घोडा, हॉबी हॉर्स. त्यावर बसून मूल घरभर फिरतं, कुठे पोचत नाही, पण मजा येते. म्हणून ज्यातून काही मिळकत नाही असा आवडीचा उद्योगही हॉबी हॉर्स, आणि पुढे शेपूट तुटून नुसतं हॉबी. आपण अर्जात 'छंद' लिहितो तो मुळात काठीचा घोडा आहे.

भाषांतरकार म्हणून 'हॅकनीड' हा शब्दही मनाला लागतो. हॅकनी म्हणजे भाड्याचा घोडा, बहुधा त्याच नावाच्या गावावरून. जो येईल तो त्यावर बसणार, म्हणून घासून गुळगुळीत झालेली शब्दयोजना म्हणजे हॅकनीड. आणि पैशासाठी पडेल ते लिहिणारा तो हॅक. मी दर पानावर मोबदला घेतो, तेव्हा मी पण त्याच तबेल्यातला.

बाकी सगळं झालं, पण सॉहॉर्सचं कुणी बोलेना!

---

तंबोरा

सॉहॉर्सचं उत्तर नाही, पण दिशा देतो. तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात तिला काय म्हणतात? घोडी. इंग्रजीत ब्रिज, पूल. पण फ्रेंचमध्ये व्हायोलिनच्या याच भागाला 'शव्हाले' म्हणतात, छोटा घोडा. आणि चित्रकार कॅनव्हास ज्यावर ठेवतो त्या तिकाटण्यालाही फ्रेंचमध्ये शव्हालेच. त्याचं इंग्रजी नाव ईझल, तो डच 'एझल' म्हणजे गाढव! भार पाठीवर घेऊन पाय रोवून मुकाट उभं राहायचं, ही कामगिरी ज्याच्याकडे त्याला लोक घोडा किंवा गाढव म्हणतात. तेव्हा मराठीतही असा शब्द असणारच, कोशात नसला तर कामावर असेल.

---

रात्रपाळी

बंदुकीचा घोडाही आहे की आपल्याकडे. इंग्रजीत तिथे कोंबडा आहे, 'कॉक' करतात. पण तो काही ओझं वाहत नाही.

---

सुतारपक्षी

दोन दिवस कामावर होतो, धागा आज पाहिला. तुम्ही लोक ग्रीसपर्यंत जाऊन आलात, शेजारी विचारलं असतं तर एका शब्दात झालं असतं.

घोडी. आम्ही घोडीच म्हणतो. दोन घोड्या आमनेसामने लावायच्या, वर फळी टाकायची. रंगारी ज्यावर चढतो ती दोन पायांची दुमडती शिडी, तिलाही घोडा म्हणतात, पण कापायला घेतलेलं लाकूड टेकतं ती घोडी.

आणि भाषांतरात एक लिहाच, मूळ पुस्तकात असो नसो. कापून खाली पडणारा तुकडा घोडीच्या बाहेर असला पाहिजे. दोन घोड्यांच्या मधोमध कापलं तर फळी शेवटी आत वाकते, करवत दोन्ही बाजूंनी चिमटली जाते आणि हिसका बसतो. नवशिका पोरगा हटकून मधेच कापतो, कारण तिथे फळी सगळ्यात पक्की दिसते.

---

शब्दखोर

सुतारपक्षी, शिरसाष्टांग! वाक्य आता असं झालंय: 'फळी दोन घोड्यांवर आडवी ठेवा, खूण घोडीच्या बाहेरच्या बाजूला येऊ द्या.' लिहून झाल्यावर लक्षात आलं, 'दोन घोड्यांवर' वाचून वाचक पुन्हा तबेल्यातच जाणार. घोडीचं अनेकवचन घोड्या, घोड्याचं घोडे, पण विभक्ती लागली की दोन्हींचं 'घोड्यांवर'. म्हणून पहिल्या उल्लेखाला चित्र टाकायला सांगितलंय.

मूळ पुस्तकात मधोमध कापू नये हे आहे, पण तीन पानं पुढे, तळटीपेत. ते मी वर आणलं.

---

तिरकस

अभिनंदन. घोडं न्हालं एकदाचं. पुढच्या प्रकरणात काय आहे?

---

शब्दखोर

मंकी रेंच.